खिळ्यांची पाटी आणि पोलादी गोळी

आजच्या भाषणाचा विषय एक खेळ आहे हे ऐकून शिक्षकमंडळींनी कपाळाला आठी घालू नये. कुस्ती, कबड्डी, खो-खो यांच्याविषयी आकाशवाणीवर पुष्कळ बोलले गेले आहे. मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे तो आपल्या मातीतला नाही, आणि त्यात घाम येत नाही. त्याचे नाव पिनबॉल. तरीही त्याने मला एक गोष्ट शिकवली. ती शेतकऱ्याच्या मुलाने आणि त्याच्या मास्तरांनी ऐकण्याजोगी आहे असे वाटते, म्हणून हा प्रपंच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी त्याचे वर्णन करतो. कमरेइतक्या उंचीचे एक मेज असते. त्यावर काच बसवलेली असते, आणि काचेखालची फळी खेळणाऱ्याच्या बाजूला किंचित उतरती असते. उजव्या हाताला स्प्रिंगचा एक दांडा असतो. तो मागे ओढून सोडला की बोराएवढी पोलादी गोळी वर उडते, आणि मग उतारावरून खाली येऊ लागते. वाटेत रबराच्या गाद्या, घंटा, दिवे आणि कमानी असतात. गोळी त्यांना आदळली की गुण मिळतात. फळीच्या तळाशी मधोमध एक फट असते. गोळी त्या फटीत गेली की ती गोळी गेली. बहुधा एका डावाला तीन गोळ्या मिळतात. फटीच्या दोन बाजूंना बोटाएवढ्या दोन पट्ट्या असतात. त्यांना फ्लिपर म्हणतात. आपण वल्ही म्हणू. मेजाच्या कडेची बटणे दाबली की वल्ही उचलली जातात आणि गोळीला पुन्हा वर मारता येते. खेळ एवढाच.

परंतु या यंत्राकडे येण्याआधी मला तुम्हाला एका जत्रेत न्यायचे आहे.

आपला कळंब तालुका म्हणजे जत्रा-यात्रांचा मुलूख. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा सर्वांना ठाऊक आहे. चुनखडी वेचायला किती लोक लोटतात, हे मी सांगायला नको. त्याशिवाय गावोगावच्या लहानसहान जत्रा आहेतच. अशाच एका लहान जत्रेत मी दहावीला असताना गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. दोष गावाचा नव्हता. खिशात परीक्षेच्या फॉर्मचे पैसे होते. ते दुसऱ्या दिवशी शाळेत भरायचे होते.

पाळण्यापलीकडे एक माणूस पाटी मांडून बसला होता. पाटी म्हणजे तिरकी ठेवलेली फळी, तिच्यावर खिळ्यांच्या ओळी आणि तळाशी खण. एक रुपयाला एक गोटी. ती वरून सोडायची. खिळ्याखिळ्याला ठेचकाळत ती खाली येई आणि कुठल्या तरी खणात पडे. मधल्या खणात पडली तर रुपया परत. अगदी कडेच्या दोन खणांपैकी एकात पडली तर वीस रुपये. बाकीच्या खणांत काही नाही. मी पहिली गोटी सोडली, ती मधल्या खणात पडली आणि रुपया परत मिळाला. दुसरी कडेच्या शेजारच्या खणापर्यंत जाऊन थांबली. वाटले, हात बसत चालला. थोडे डावीकडून सोडावे, थोडे हळू सोडावे, असे एकेक प्रयोग मी करू लागलो. दिवेलागणीला फॉर्मचे पैसे संपले होते.

घरी आलो. आमचे आबा फार बोलणारे नव्हते. त्यांनी मारले नाही. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "पैसे गेले ते गेले. पर ते खिळे कुणी ठोकले, ते बघितलंस का?"

त्या वेळी मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. फॉर्मचे पैसे त्यांनी उसने आणून भरले, एवढेच कळले. अर्थ कळला तो पुढे महाविद्यालयात संभाव्यतेचा धडा आला तेव्हा. त्या पाटीवर खिळ्यांच्या आठ ओळी होत्या, हे मला पक्के आठवत होते. मी कागद घेऊन बसलो. गोटी प्रत्येक ओळीत एकदा डावीकडे तरी जाणार किंवा उजवीकडे तरी. म्हणजे आठ ओळींतून खाली यायच्या एकूण २५६ वाटा. त्यांपैकी अगदी डाव्या खणात नेणारी वाट एकच. आठही वेळा डावीकडेच गेले पाहिजे. उजव्या खणाचेही तसेच. मधल्या खणात मात्र ७० वाटा येऊन मिळतात. खिळे सरळ आणि अंतर सारखे धरले, तर वीस रुपये मिळण्याची संधी २५६ मध्ये दोनदा आणि रुपया परत मिळण्याची ७० वेळा. हिशेब केला तेव्हा रुपयामागे सरासरी ४३ पैसे परत येतात आणि ५७ पैसे पाटीवाल्याचे होतात. त्याने लबाडी करण्याची गरजच नव्हती. खिळेच त्याच्यासाठी राबत होते. आणि मी जो 'हात बसवत' होतो त्या हाताला त्या फळीवर काही कामच नव्हते. गोटी बोटातून सुटली की माझा संबंध संपत होता.

शिक्षकांना एक सुचवतो. हा धडा फळ्यावर शिकवू नका, फळीवर शिकवा. एक लाकडी फळी घ्या. त्रिकोणात चार ओळी खिळे ठोका: पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, असे. खाली पुठ्ठ्याचे पाच खण करा. मण्यांचा किंवा सायकलच्या छऱ्यांचा एकेक दाणा वरून सोडायला लावा. चार ओळींच्या १६ वाटा. त्या खणांत १, ४, ६, ४, १ अशा वाटल्या जातात. शे-दोनशे दाणे सोडले की मधे ढीग आणि कडेला विरळ, हे मुले डोळ्यांनी पाहतील. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात अशीच पाटी करून विद्वानांना दाखवली होती. ज्या मुलाने हा ढीग एकदा पाहिला तो जत्रेत फॉर्मचे पैसे घालवणार नाही.

आता पिनबॉलकडे वळू. हा खेळ कळंबला लोखंडी मेजातून आला नाही. तो संगणकातून आला. २००१ पासून महाराष्ट्रात एम.एस.-सी.आय.टी. हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्या-तालुक्याला वर्ग निघाले. त्या काळच्या विंडोज एक्सपीच्या संगणकात पत्त्यांच्या खेळाशेजारी पिनबॉलही फुकट येत असे. अंतराळयानाची चित्रे असलेली ती फळी पुष्कळांना आठवत असेल. त्या खेळाचे नाव 'स्पेस कॅडेट'. तो मुळात १९९५ साली निघाला होता.

नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र लागते म्हणून मीही एका वर्गात नाव घातले. भारनियमनाचे दिवस होते. वीज असेल तेवढ्यात धडा उरकायचा आणि पाच-दहा मिनिटे उरली की सगळे त्या गोळीमागे लागायचे. आम्ही कसे खेळत होतो? डाव्या वल्ह्याला झेडचे बटण, उजव्याला तिरक्या रेघेचे. गोळी खाली येताना दिसली की दोन्ही बटणे एकदम बडवायची. लागली तर लागली. गोळी फटीतून गेली की म्हणायचे, "नशीबच नाही राव!" जत्रेतली पाटी मला आठवत होती. मी मनाशी म्हटले, हा तोच खेळ. फक्त खिळ्यांना दिवे लावले आहेत.

आमच्या वर्गात जवळच्या खेड्यातून एस.टी.ने येणारी एक मुलगी होती. गाडीच्या वेळेमुळे तिला खेळायला सर्वांत कमी वेळ मिळे. एके दिवशी ती बसली, आणि आमचे सगळ्यांचे आकडे मागे पडले. तिची गोळी जाता जाईना. आम्ही भोवती गोळा झालो. कुणी म्हणाले, "ताई, तुमचं नशीब जोरावर आहे." तिने वहीचे शेवटचे पान काढून दाखवले. खेळाबरोबर संगणकात नियमांची एक पुस्तिका असते. मदतीचे बटण दाबले की उघडते. ती इंग्रजीत होती. शब्दकोश घेऊन तिने ती मराठीत उतरवून काढली होती. "सर, यात काय करायचं ते लिहिलेलंच आहे की," ती म्हणाली. मी तेव्हा नुकताच शिकवू लागलो होतो, म्हणून 'सर'. लाज वाटली. महिनाभर आम्ही त्या यंत्राला बडवत होतो, आणि ते काय मागते हे वाचायचे कुणाला सुचले नव्हते.

काय होते त्या पानावर? पहिली गोष्ट, गोळी कुठेही आदळून फुटकळ गुण मिळवणे हा खेळच नव्हे. त्या फळीवर मोहिमा असतात. आधी ठराविक लक्ष्यांवर गोळी मारून मोहीम निवडायची. मग गोळी एका चढावर चढवायची, की मोहीम सुरू. मग सांगितलेले काम इंधन संपायच्या आत पुरे करायचे: कुठे अमुक वेळा चढ चढायचा, कुठे वरच्या कमानींतून जायचे. मोहिमा पुऱ्या होतील तशी कॅडेटपासून फ्लीट अ‍ॅडमिरलपर्यंत नऊ पायऱ्यांची बढती. आम्ही ज्याला दिव्यांची आरास समजत होतो ती खरोखर पाटीवर लिहिलेली सूचना होती. जो दिवा लुकलुकतो तिकडे मारा, एवढेच तो सांगत होता. जुन्या लोखंडी यंत्रांवरही तळाशी काचेखाली नियमांचे एक लहान कार्ड लावलेले असते. नाणे टाकून दांडा ओढण्याच्या घाईत ते वाचणारे थोडे.

नियम कळले तरी हात तयार व्हावा लागतो. तोही कसा करायचा हे सांगता येते. मी पुढे बरेच दिवस सराव केला, त्यातून चार गोष्टी पक्क्या झाल्या.

एक, दोन्ही वल्ही एकदम उचलू नयेत. दोन्ही वर गेली की मधली फट उलट रुंदावते. ज्या बाजूला गोळी येते तेवढेच वल्हे उचलावे.

दोन, गोळी थांबवायला शिकावे. गोळी हळू येत असेल तर वल्हे उचलून तसेच धरून ठेवावे. वल्हे आणि कडेची पट्टी यांच्या कोनात गोळी येऊन विसावते. आता घाई नाही. फळीकडे पाहा, कुठला दिवा लागला आहे ते पाहा, मग वल्हे सोडा. गोळी वल्ह्यावरून टोकाकडे घरंगळू लागते. ती वल्ह्याच्या मुळाशी असताना मारली तर साधारण त्याच बाजूला वर जाते. टोकाशी पोचू दिली तर समोरच्या बाजूला तिरकी जाते. या दोन क्षणांच्या मध्ये सगळी नेमबाजी आहे. गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला हे वेगळे सांगावे लागणार नाही. दगड कुठे जाईल हे गोफण कधी सोडली यावर ठरते.

तीन, काही वेळा काहीच करू नये. वेगाने येणारी गोळी स्थिर वल्ह्यावर आपटून स्वतःच उसळते आणि दुसऱ्या वल्ह्याकडे जाते. तिथे ती शांतपणे धरता येते. नवशिक्याला हे सर्वांत अवघड जाते.

चार, धक्का द्यावा, पण बेताने. मेजाला हलका धक्का देऊन गोळीची वाट किंचित बदलता येते. संगणकातही त्यासाठी बटणे होती. परंतु फार हलवले की यंत्रावर 'टिल्ट' ही अक्षरे उमटतात, वल्ही निर्जीव होतात आणि गोळी डोळ्यांदेखत फटीत जाते.

हे सगळे करूनही कधी गोळी बरोबर मधोमध, दोन्ही वल्ह्यांच्या आवाक्याबाहेरून जाते. तिथे कुणाचेच चालत नाही. नशीब या खेळातून जात नाही. परंतु जो गोळी धरायला शिकला त्याच्या डावात ते पूर्वीपेक्षा कमी वेळा आडवे येते.

म्हणजे माझी समजूत चुकीची होती. जत्रेतली पाटी आणि पिनबॉल हे एक नव्हेत. तरी ती दोन्ही एकाच घराण्यातली आहेत, आणि त्यांच्या इतिहासात हा फरक कधी पडला हे पाहण्याजोगे आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बगाटेल नावाचा मेजावरचा खेळ होता. आपल्याकडेही खिळ्यांची आणि स्प्रिंगची लहान बगाटेल पाटी खेळण्यांच्या दुकानांत मिळे. १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह याने त्यात स्प्रिंगचा दांडा बसवून पेटंट घेतले. १९३१ मध्ये, मंदीच्या काळात, शिकागोच्या गॉटलिब कंपनीने 'बॅफल बॉल' हे नाण्यावर चालणारे यंत्र काढले आणि ते दुकानादुकानांतून गेले. पण या यंत्रांना वल्ही नव्हती! दांडा ओढला, गोळी सोडली, पुढे खिळ्यांची मर्जी. खेळ पैशांचा होऊ लागला. १९४२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी त्यावर बंदी घातली, आणि यंत्रे घणाने फोडण्यात आली. वल्ही आली ती १९४७ मध्ये, त्याच गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' नावाच्या यंत्रावर. हॅरी मॅब्स या रचनाकाराने त्यावर सहा वल्ही बसवली. त्या दिवसापासून गोळी सुटल्यावरही खेळणाऱ्याला काही करता येऊ लागले.

न्यूयॉर्कची बंदी मात्र १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या एका तरुण लेखकाला नगरपरिषदेच्या सभासदांसमोर खेळून दाखवायला बोलावले. हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे, हे त्याला सिद्ध करायचे होते. त्यासाठी दोन यंत्रे आणली होती. पहिल्यात काही कारस्थान असेल या शंकेने सभासदांनी त्याला दुसऱ्यावर खेळायला लावले. त्याने वल्ह्यांचे खेळ दाखवले. शेवटी तो म्हणाला, आता मी दांडा ओढतो, गोळी वरच्या मधल्या वाटेने जाईल. गोळी तशीच गेली, आणि बंदी उठली. आता गंमत ऐका. पुढे शार्पने स्वतःच प्रांजळपणे मान्य केले, की ती शेवटची गोळी निव्वळ नशिबाने गेली होती! वल्ह्यांवर त्याने जे दाखवले ते शिकलेले होते. दांड्याचा तो एक फटका मात्र जुन्या काळचा, वल्ही नसलेला खेळ होता. कौशल्याच्या बाजूने शेवटची साक्ष नशिबाने दिली.

श्रोतेहो, एवढे सगळे आज कशासाठी सांगितले? खिळ्यांची पाटी आता जत्रेतच राहिलेली नाही. ती मोबाइलमध्ये घुसून प्रत्येक घरात आली आहे. पैसे लावून खेळायच्या खेळांनी आपल्या भागातली किती तरुण मुले कर्जात बुडाली, हे शिक्षकांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. हे खेळ विकणारे नेहमी म्हणत आले, की हा कौशल्याचा खेळ आहे. त्याचे कारण कायद्यात होते. आपल्याकडचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला लागू होत नाही. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले होते. अखेर २०२५ मध्ये संसदेने कायदा केला: खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, ऑनलाइन पैसे लावून तो चालवता येणार नाही. हे योग्यच झाले. परंतु कायदा नेहमी मुलाच्या शेजारी बसलेला नसतो. म्हणून त्याच्याजवळ स्वतःचे दोन प्रश्न असावेत.

पहिला प्रश्न: गोळी सुटल्यानंतर माझ्या हातात काही उरते का? उरत नसेल, तर 'हात बसला' हा भ्रम आहे. दुसरा प्रश्न आमच्या आबांचा: हे खिळे कुणी ठोकले, आणि कुणासाठी?

परंतु मला फक्त सावधगिरी सांगायची असती तर पाटीवरच थांबलो असतो. उलट चूकही तेवढीच मोठी आहे, आणि ती आपण जास्त वेळा करतो. जिथे वल्ही आहेत तिथेही आपण नशीब म्हणून हात सोडतो. गणित नशिबात नाही, इंग्रजी नशिबात नाही, असे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येते. पाऊस आपल्या हातात नाही, हे मांजराकाठच्या माणसाला कुणी शिकवायला नको. पण बियाण्याची उगवण तपासून पेरणे हातात आहे, आणि विम्याचा कागद वाचून सही करणे हातात आहे. संगणकाच्या वर्गातल्या त्या मुलीला आमच्याहून वेळ कमी होता, सराव कमी होता, इंग्रजीही कमीच होते. तिने एकच गोष्ट जास्त केली. खेळण्याआधी नियम वाचले.

तो वर्ग आता नाही. तो खेळही नंतरच्या विंडोजमध्ये राहिला नाही. नव्या रचनेच्या संगणकांसाठी तो तयार करताना गोळी लागायच्या जागी न लागता आरपार जाऊ लागली, आणि तो काढून टाकावा लागला असे सांगतात. माझ्या टेबलावर मात्र चार ओळी खिळ्यांची ती फळी असते. दरवर्षी नव्या मुलांना मी आधी तिच्यावर मणी सोडायला लावतो. ढीग मधे जमला की विचारतो, "यात तुम्ही काय केलं?" मुले म्हणतात, "काहीच नाही, सर." मग त्यांना पिनबॉलची गोष्ट सांगतो आणि पहिले काम देतो: अभ्यासक्रमाची पुस्तिका घरी नेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून या. परीक्षा कशी होणार, हे तीत लिहिलेलेच असते.